दारी आलेला कागद : वैद्य, औषधालय आणि फौजदारी कायदा

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. परंतु वैद्यकव्यवसाय करणाऱ्यास ही पायरी प्रत्येक वेळी टाळता येतेच असे नाही. पुष्कळदा तीच चिकित्सालयाच्या दारात येऊन उभी राहते. कधी पोलीस ठाण्याची नोटीस येते, कधी औषध निरीक्षक येतात, तर कधी न्यायालयाचे समन्स. 'व्यवहारायुर्वेद' हा विषय आपण सर्वांनी अभ्यासला, पण तो बहुधा परीक्षेपुरताच. प्रत्यक्ष प्रसंग ओढवला की भल्याभल्यांचे हातपाय गळतात.

आमच्या परिचयाचे एक औषधालयचालक आहेत. तालुक्याच्या गावी अनेक वर्षांची पेढी, नावलौकिक उत्तम. औषध निरीक्षकांनी त्यांच्याकडून एका चूर्णाचा नमुना नेला. पुढे सरकारी विश्लेषकाचा प्रतिकूल अहवाल आला. गृहस्थ इतके खजील झाले की त्यांनी तो गल्ल्याच्या खणात ठेवून दिला आणि घरातही कोणास सांगितले नाही. दीड महिन्याने ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना वकिलांकडे घेऊन गेलो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा अहवाल तुमच्या हाती कोणत्या तारखेस पडला?" तारीख ऐकताच त्यांनी कागद खाली ठेवला. आक्षेप घेण्याची मुदत उलटून गेली होती. चूर्ण निर्दोष होते की सदोष, हा प्रश्नच मागे पडला होता.

षट्क्रियाकालाचा विचार आपण रुग्णाच्या बाबतीत नित्य करतो. दोष संचयावस्थेत असतानाच उपाय करावा, व्यक्तावस्थेपर्यंत थांबू नये, हे आपण जाणतो. फौजदारी प्रकरणासही हाच नियम लागू पडतो. आमचा अनुभव असा की, आरोपापेक्षा आरोपानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मौन, भय आणि घाई हीच अधिक घात करतात.

बदललेले कायदे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता (१८६०), फौजदारी प्रक्रिया संहिता (१९७३) आणि भारतीय पुरावा अधिनियम (१८७२) यांची जागा अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलल्याने ऐकीव माहितीवर विसंबणे धोक्याचे झाले आहे. उदाहरणार्थ, पूर्वी '४८२' म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, ज्यांच्या आधारे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज केला जाई. आज नागरिक सुरक्षा संहितेतील ४८२ वे कलम अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. तेव्हा कोणी कलमाचा क्रमांक सांगितल्यास तो कोणत्या कायद्यातील, हे प्रथम विचारावे.

कागद कोणता, हे ओळखावे

पोलिसांकडून वा न्यायालयाकडून आलेला प्रत्येक कागद सारखा नसतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खालील नोटीस साक्षीदारास असते. साठ वर्षांवरील पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तीव्र आजारी व्यक्ती यांना अशा वेळी राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३५ (३) खालील नोटीस मात्र ज्याच्यावर संशय आहे त्यास असते. ती मिळाल्यास नेमल्या दिवशी अवश्य हजर राहावे. नोटिशीचे पालन करणाऱ्यास अटक करावयाची झाल्यास अधिकाऱ्याला तशी कारणे नोंदवावी लागतात. उलट नोटीस डावलणे म्हणजे अटकेचे कारण आपणच पुरविणे होय. तिसरा कागद समन्सचा. तो न्यायालयाचा असतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास वॉरंट निघू शकते.

नव्या कायद्यानुसार समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येते आणि आपण घरी नसल्यास कुटुंबातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे, म्हणजे स्त्रियांकडेही, देता येते. म्हणून असा कागद आल्यास त्यावर तारीख व वेळ लिहून तत्काळ कळवावे, असे घरात व कर्मचाऱ्यांत सांगून ठेवावे. कलम ३५ ची नोटीस मात्र व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट तर कोणत्याच कायद्यात नाही. दूरध्वनीवरून वा व्हिडिओवरून अटकेची भीती घालून पैसे मागणारा मनुष्य अधिकारी नसून ठग आहे, हे निश्चित समजावे.

पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. तशी सही घेऊ नये असे कायदाच सांगतो. पंचनाम्यावर वा जप्तीच्या यादीवर सही करताना मात्र ती पूर्ण वाचावी आणि यादीची प्रत मागून घ्यावी. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये.

रुग्ण दगावल्यास

सर्वांत कठीण प्रसंग हाच. नातेवाईक शोकात असतात, जमाव जमतो आणि पोलिसांत तक्रार जाते. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी दिलेला निर्णय प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा. साध्या चुकीवरून वैद्यकास फौजदारी दोषी धरता येत नाही. त्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ व गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतील, शक्यतो शासकीय सेवेतील, तज्ज्ञाचे निःपक्ष मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून सरधोपटपणे अटक करू नये, असेही न्यायालयाने म्हटले.

मात्र नव्या न्याय संहितेतील एका तरतुदीकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याच्या गुन्ह्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. आता कलम १०६ नुसार ती पाच वर्षांपर्यंत आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास ही मर्यादा दोन वर्षांचीच आहे. परंतु या कलमाच्या स्पष्टीकरणात 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ खालील अर्हता व नोंदणी असलेला, असे म्हटले आहे. आपली नोंदणी त्या अधिनियमाखालील नाही. शब्दशः वाचल्यास ही सवलत आयुर्वेद पदवीधरांस मिळत नाही. हा गुन्हा जामीनपात्र आहे, हा दिलासा खराच. तरीही आपल्या संघटनांनी ही विसंगती शासनापुढे मांडणे अगत्याचे आहे.

अशा रात्री एक मोह होतो, तो म्हणजे रुग्णपत्रिका 'नीट' करून ठेवण्याचा. राहिलेली नाडी, रक्तदाब, दिलेला सल्ला आठवून लिहावा, एखादे पान बदलावे, असे वाटते. हे सर्वथा अपथ्य आहे. अपुरी नोंद ही फार तर त्रुटी ठरते. नंतर फिरवलेली नोंद हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो आणि निर्दोष वैद्याच्या खऱ्या शब्दावरचाही विश्वास उडवितो. काही राहिले असल्यास वेगळ्या कागदावर त्या दिवसाची तारीख घालून लिहावे आणि ते वकिलांना द्यावे. पोलिसांनी पत्रिका मागितल्यास लेखी मागणी घ्यावी, छायाप्रत ठेवावी आणि मूळ कागद पोहोच घेऊनच द्यावेत.

औषधाचा नमुना घेतला गेल्यास

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील नमुन्याची कार्यपद्धती कलम ३३ एच मुळे आयुर्वेदीय औषधांसही लागू आहे. निरीक्षकांनी नमुन्याची किंमत देऊ करावयाची असते. विक्रेत्याकडून घेतलेला नमुना सर्वसाधारणपणे चार भागांत विभागून मोहोरबंद केला जातो आणि त्यावर आपलीही मोहोर व खूण करण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो अवश्य वापरावा. आपल्याला मिळालेला भाग फोडू नये, कोरड्या जागी जपून ठेवावा.

निर्मात्याकडील वा घाऊक विक्रेत्याकडील खरेदीची बिले समूह क्रमांकासह ठेवावीत. औषध कोठून घेतले, हे निरीक्षकांनी विचारल्यास सांगणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बिल नसेल तर आपला शब्द एकाकी पडतो.

विश्लेषकाचा अहवाल हाती पडल्यापासून २८ दिवसांच्या आत, या अहवालाविरुद्ध आपण पुरावा देऊ इच्छितो, असे निरीक्षकांना किंवा प्रकरण चालू असलेल्या न्यायालयाला लेखी कळवावे लागते. तसे न केल्यास अहवालातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. वेळेत कळविल्यास न्यायालयाकडील नमुन्याचा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याची विनंती करता येते. औषधाची मुदत संपल्यावर फेरतपासणीस अर्थ उरत नाही, म्हणून तेथेही विलंब नको. पत्र चार ओळींचे असले तरी चालते, पण त्याची पोहोच हवी.

पूर्वतयारी

आपल्या चिकित्सालयात वा पेढीत एक धारिका स्वतंत्र ठेवावी. तीत नोंदणी प्रमाणपत्र व त्याचे नूतनीकरण, खरेदीची बिले आणि शासकीय पत्रव्यवहार असावा. फौजदारी काम पाहणाऱ्या एका वकिलांशी आधीच परिचय करून ठेवावा. जिल्हा शाखांनी अशा वकिलांची नावे सभासदांना द्यावीत, अशी आमची सूचना आहे. अटक झालीच तर कारण जाणण्याचा, नातेवाइकास कळविले जाण्याचा, वकिलांचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेले जाण्याचा अधिकार प्रत्येकास आहे.

आमच्या परिचयातील त्या गृहस्थांचे प्रकरण अद्याप चालू आहे. तारखेला ते नियमाने जातात. मध्यंतरी आम्ही त्यांच्या पेढीवर गेलो असता टपाल आले. त्यांनी पाकीट फोडण्यापूर्वी खिशातील पेन काढले आणि वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. पाकिटात एका कंपनीचे दरपत्रक निघाले.