मागच्या सीट काढलेली गाडी

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके, ज्यांचा मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा असा पांढुर्णा जिल्हा झाला, भाषेने मराठी आणि शेतीने संत्र्याचे आहेत, आणि त्यांच्या मालाची मोठी ओढ नागपूरच्या बाजाराकडे आहे. तिगाव हे याच पट्ट्यातले, नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे गाव. तेथून चिचोंड्याकडे जाणारा रेल्वेचा घाट इतका चढा आहे की जड मालगाड्यांना जादा इंजिनाचा रेटा द्यावा लागतो. अशा मुलखात ज्या कुटुंबाला एकच चारचाकी परवडते, ते कुटुंब साहजिकच उंच बांध्याची, कच्च्या रस्त्याला न डरणारी सात आसनी गाडी निवडते, आणि त्याच गाडीकडून लग्नाचे वऱ्हाड, दवाखान्याची धावपळ, खताची पोती आणि संत्र्याची कॅरेट या सगळ्यांची वाहतूक व्हावी अशी अपेक्षा ठेवते. बहार तोडणीला आला की मागच्या सीट काढून पडवीत ठेवायच्या आणि गाडीचा टेम्पो करायचा, ही युक्ती या अपेक्षेतूनच येते. तिच्यामागची गरज खरी आहे. परंतु सीट काढल्याने गाडीत नेमके काय वाढते आणि काय तसेच राहते, याचा हिशेब मात्र फारसा मांडला जात नाही.

ही कल्पना मोटारीच्या इतिहासाला नवी नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये शेव्हरोले कंपनीने बाजारात आणलेली सबर्बन ही आठ आसनी गाडी मागच्या सीट काढून मालासाठी वापरता येईल अशीच बनवली होती, आणि १९८४ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या रेनॉ एस्पासच्या मागच्या सीट एकेक करून उचलून बाहेर ठेवता येत असत. भारतात २०१९ मध्ये आलेल्या रेनॉ ट्रायबर या छोट्या सात आसनी गाडीत हीच सोय कारखान्यातूनच मिळते: सातही सीट बसवलेल्या असताना तिच्या डिक्कीत जेमतेम ८४ लिटर जागा उरते, तर तिसऱ्या रांगेतील दोन्ही सीट काढल्यावर ती ६२५ लिटर होते. जुन्या घाटाच्या बोलेरोमध्ये सर्वांत मागे समोरासमोर बसण्याच्या आडव्या सीट असतात, ज्या भिंतीकडे दुमडता येतात; मधली लांब सीट मात्र जमिनीला बोल्टने जखडलेली असते आणि ती रोज काढघाल करण्यासाठी बनवलेली नसते. उत्पादकाने काढण्यासाठी दिलेली सीट आणि मिस्त्रीने पाना लावून काढलेली सीट यांतील हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

काढण्याचे काम दिसायला सोपे असते. सीटच्या पायांवरील प्लास्टिकची झाकणे काढून बोल्ट सैल केले की दोन माणसे ती सहज उचलतात. अलीकडच्या गाड्यांत मात्र सीटखाली विजेच्या तारा असतात, ज्या पट्टा न लावल्याची सूचना देणाऱ्या संवेदकाला आणि काही गाड्यांत सीटमध्येच बसवलेल्या एअरबॅगला जोडलेल्या असतात. म्हणून बॅटरीची तार काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्या जोडण्यांना हात लावू नये. सीटचे बोल्ट विशेष मजबूत पोलादाचे असून ते ठरावीक पीळ देऊन, म्हणजे किती जोराने आवळायचे ते मोजणाऱ्या पान्याने, घट्ट केलेले असतात. ते हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा बोल्ट त्या जागी लावणे म्हणजे पुढे त्या सीटवर बसणाऱ्याचा जीव त्या साध्या बोल्टवर टांगणे होय.

आता वजनाचा हिशेब. प्रत्येक गाडीला उत्पादकाने एक कमाल भारित वजन ठरवून दिलेले असते, म्हणजे गाडी, इंधन, माणसे आणि सामान मिळून तिने पेलायचे जास्तीत जास्त वजन. गाडीची रचना करताना एका प्रवाशाचे वजन साधारणपणे ६८ किलो आणि त्याच्यासोबतचे सामान ७ किलो, असे माणशी ७५ किलो धरण्याची पद्धत आहे. या मापाने मधल्या आणि मागच्या रांगेतील पाच माणसे उतरली तर ३७५ किलो मोकळे होतात, आणि काढलेल्या सीटांचे वजन, जे गाडीगणिक वेगळे असते, समजा ५० किलो भरले, तर एकूण ४२५ किलो माल चढवण्याची मुभा मिळते. भरलेले संत्र्याचे एक कॅरेट सुमारे २२ किलोचे धरले, तर हा माल १९ कॅरेटचा होतो. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीवर १० कॅरेटचा एक थर बसत असेल, तर छतापर्यंत तीन थर लावण्याचा मोह आवरणे अवघड असते, आणि तीन थरांचे वजन ६६० किलो होते. दाराला कुलूप लागले आणि काच बंद झाली म्हणजे माल मावला, असे डोळ्यांना वाटते. गाडीच्या कमानी, टायर, ब्रेक आणि आस यांच्या दृष्टीने तो सव्वादोनशे किलोंहून अधिक जादा असतो. सीट काढल्याने वाढते ती जागा. भार पेलण्याची ताकद काढलेल्या सीटच्या वजनाइतकीच वाढते, त्याहून रतीभरही नाही, आणि या विषयातील अनेक अपघातांचे व बिघाडांचे मूळ या दोन गोष्टी एकच समजण्यात आहे.

वजन किती याइतकेच ते कुठे ठेवले हेही महत्त्वाचे असते. मधल्या रांगेतील माणसे मागच्या आसाच्या पुढे बसतात, त्यामुळे त्यांचा काही भार पुढच्या चाकांवर जातो. कॅरेट मात्र चढवायला सोपी म्हणून आधी मागच्या दाराजवळ रचली जातात. बोलेरोच्या दोन आसांमधले अंतर २६८० मिलिमीटर आहे. मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे ३०० किलो ठेवले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ६७ किलोंनी हलका होतो आणि मागच्या आसावर ३०० नव्हे तर ३६७ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगला गाडी उशिरा प्रतिसाद देते, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यास ती चाके लवकर घसरतात, आणि गाडीचे तोंड वर उचलले गेल्याने दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून जड माल पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, खालच्या थरात, आणि हलका माल मागे ठेवावा. टायरमधील हवा चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी असावी. आणि मुलताईच्या बाजूने पांढुर्ण्याकडे सातपुडा उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, कारण भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात.

सीट ही केवळ बसण्याची वस्तू नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मागच्या सीटची पाठ ही डिक्कीतील सामान आणि माणसे यांच्यामधली भिंत असते, आणि ती भिंत टिकते की नाही हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील १७ व्या नियमानुसार प्रत्येकी १८ किलोंचे दोन ठोकळे डिक्कीत ठेवून ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेइतका हिसका दिला जातो. ती भिंतच काढून टाकल्यावर कॅरेट आणि चालक यांच्यामध्ये फक्त पुढच्या सीटची पाठ उरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील २२ किलोंच्या कॅरेटमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढी ते सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडल्यावर असेल. आणि गाडी अचानक थांबली तरी न बांधलेले कॅरेट त्याच वेगाने पुढे जात राहते. यावर उपाय खर्चिक नाही: पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी, जमिनीतील पक्क्या कड्यांना अडकवलेले घट्ट आवळता येणारे पट्टे, आणि थरांची उंची सीटच्या पाठीपेक्षा कमी. ज्या कड्यांना पट्टा बांधायचा ती गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असावीत, पत्र्याला स्क्रूने लावलेली नसावीत. लांब वस्तूसाठी मागचे दार अर्धवट उघडे ठेवून गाडी हाकणे तर अधिकच घातक असते, कारण चौकोनी पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू आत ओढला जातो. शिवाय पाण्याच्या मोटारीसाठी आणलेले २० फुटी पाइप ४ मीटरहून आखूड गाडीत सीट काढूनही मावणार नाहीत. त्यांना दुसरेच वाहन लागते.

यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की मोकळी झालेली जमीन नेहमी मालानेच भरते असे नाही. संत्र्याच्या तोडणीसाठी सकाळी मजुरांना बागेत न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे असते, आणि सीट नसलेल्या गाडीत सातऐवजी बारा माणसे खाली बसवता येतात, किंवा परतीच्या फेरीत त्यांना कॅरेटवर बसवता येते. अशा माणसाला पट्टा नसतो, डोक्यामागे आधार नसतो, धरायला दांडी नसते, आणि शेजारी न बांधलेला माल असतो. पाच सीट काढून मिळवलेल्या जागेचा सर्वांत वाईट उपयोग हाच आहे, आणि ज्याच्या मजुरीवर बाग उभी राहते त्याला मालाच्या दर्जाने वाहून नेणे हे कोणत्याही काटकसरीच्या नावाखाली समर्थनीय ठरत नाही.

कायद्याची बाजू शेतकऱ्याला अनेकदा दंडाची पावती हातात पडल्यावरच कळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसीतील, तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्या प्रमाणपत्रातील एक तपशील आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्याशी संबंधित केरळच्या प्रकरणात ही मनाई ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्या रूपात आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्पादकानेच काढण्यासाठी दिलेली सीट तात्पुरती काढणे आणि जखडलेल्या सीट कायमच्या काढून टाकणे यांत म्हणूनच मोठे अंतर पडते.

याहून कमी ठाऊक असलेला मुद्दा व्याख्येचा आहे. याच अधिनियमातील कलम २ नुसार मालवाहू वाहन म्हणजे केवळ मालासाठी बनवलेले वाहन नव्हे, तर तसे बनवलेले नसूनही मालासाठी वापरले जाणारे वाहनसुद्धा. आणि मोटारीतील वैयक्तिक सामान मालात मोडत नसले, तरी विक्रीसाठी निघालेली संत्री वैयक्तिक सामान ठरत नाहीत. म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटची घरगुती गाडी नागपुरातील कळमन्याच्या बाजाराकडे कॅरेट घेऊन निघाली की कायद्याच्या नजरेत ती नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि कर या तिन्ही बाबतींत वेगळ्या वर्गात शिरते. विम्याचेही तसेच आहे: खासगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात नमुने आणि वैयक्तिक सामान वगळता मालवाहतूक हा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, त्यामुळे अपघातानंतर गाडीच्या नुकसानभरपाईचा दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो, आणि हा तोटा दंडाच्या रकमेहून कितीतरी मोठा असतो.

त्यामुळे ज्याच्या बागेचा माल दर आठवड्याला बाजारात जातो, त्याने सीट काढण्याऐवजी लहान मालवाहू गाडीचा, स्वतःच्या किंवा भाड्याच्या, विचार करणे हिशेबाने बरे पडते. २००५ मध्ये टाटांची एस, जिला सगळीकडे छोटा हाथी म्हणतात, आल्यापासून असा पर्याय खेड्यापर्यंत पोहोचला आहे. आणि ३००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाला कलम ६६ खाली परवान्याची गरज नसते, केवळ मालवाहू म्हणून नोंदणी आणि ठरलेल्या मुदतीने योग्यता तपासणी पुरते. मारुतीची ईको तर प्रवासी आणि मालवाहू अशा दोन्ही रूपांत कारखान्यातूनच मिळते. वर्षातून मोजक्या फेऱ्या करणाऱ्यासाठी मात्र सीट न काढता दुमडणे, वजनाच्या मर्यादेत राहणे आणि घरगुती सामानापुरताच तो वापर ठेवणे हाच सरळ मार्ग आहे.

तरीही कायद्याने लहान शेतकऱ्याचा प्रश्न पुरता सोडवलेला नाही, हे मान्य करायला हवे. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये उंच बांध्याच्या अनेक गाड्या कारखान्यातूनच मागच्या सीटशिवाय, सपाट जमीन आणि माणसे-माल वेगळे ठेवणारी जाळी बसवून विकल्या जातात आणि हलके मालवाहू वाहन म्हणून नोंदल्या जातात; तेथील शेतकरी त्या उघडपणे वापरतो. भारतात घरचा माल आणि घरची माणसे एकाच गाडीतून, पण वेगवेगळ्या वेळी, नेणाऱ्या कुटुंबासाठी असा वर्ग करता येईल: उत्पादकाने प्रमाणित केलेल्या काढत्या सीट, पक्की कडी, जाळी, आरसीवर दोन्ही रूपांतील आसनसंख्या आणि माल चढवण्याची मर्यादा किलोत लिहिलेली, आणि स्वतःच्या शेतमालापुरते विम्याचे संरक्षण. यातील एकही गोष्ट तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही, आणि तिसऱ्या रांगेतील सीट हाताने उचलून काढता येणारी गाडी भारतीय रस्त्यांवर २०१९ पासून धावत आहे.