शोधयंत्राची गाळणी

शरीराविषयीची शंका विचारावी कुणाला, ही अडचण जुनीच आहे. घरी तो विषय निघत नाही. दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा 'घरी वाचून घ्या' एवढ्यावर संपतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुले-मुली मग मोबाईलवरील शोधयंत्राला विचारतात. ते यंत्र काय गाळते आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे पाहण्यासारखे आहे.

त्याआधी एक जुनी हकिकत. र. धों. कर्वे यांनी मुंबईत जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक पत्राने लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकाची शंका कुणाला विकृत वाटली, तरी ज्ञानानेच ती विकृती जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड झाला. शास्त्र, साहित्य, कला यांसाठी लोकहितार्थ केलेल्या लेखनाला सूट देणारी तरतूद कायद्यात आली ती १९६९ साली.

आज खटला न होताच उत्तर गाळता येते. २००९ साली मायक्रोसॉफ्टचे 'बिंग' सुरू झाले, तेव्हा 'भारत' निवडणाऱ्याला गाळणी सर्वांत कडक पायरीवरच मिळे. ती सैल करण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी सुधारलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही शास्त्र व विद्येला सूट आहे, पण कुलूपबंद गाळणी ती सूट कशी ओळखणार? २०१० साली संशोधकांनी संयुक्त अरब अमिराती, सीरिया, अल्जीरिया व जॉर्डन येथे तपासणी केली. कंपनीने 'अरबी देश' असा एकच गठ्ठा बांधून अरबी व इंग्रजी शब्द अडविल्याचे त्यांना आढळले. प्रत्येक देशाचा कायदा निराळा, रीत निराळी. पण गठ्ठा एक!

सगळीच गाळणी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधू पाहणाऱ्यांना अडविण्यासाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी पावले उचलली. ते योग्यच झाले. तेथे चित्र हाच गुन्हा असतो.

अडचण आहे ती नुसत्या शब्दावर बोट ठेवण्याची. आपल्या मराठीत 'लिंग' व्याकरणात आहे, देवळात आहे आणि शरीरशास्त्रातही आहे. 'योनी' तर कीर्तनात चौऱ्याऐंशी लक्ष आहेत! शब्दांच्या यादीला यांतला फरक कळत नाही. शिवाय कर्व्यांच्या वाचकाला निदान ठाऊक असे, की कोणत्या उत्तरावर खटला चालला. गाळलेल्या उत्तराचा पत्ताच लागत नाही.

गूगलची गाळणी 'सेफसर्च' नावाने सेटिंगमध्ये असते. अश्लील वाटणारी चित्रे धूसर करून दाखविणे ही तिची २०२३ पासूनची नेहमीची पायरी आहे. वसतिगृहातल्या आम्हा पाच-सहा जणांना ही पायरी आपल्या मोबाईलवर असल्याचे त्या सेटिंगमध्ये पाहीपर्यंत ठाऊक नव्हते.