खाऱ्या हवेतली विमानं

मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरायला पूर्वेकडून येणारं विमान घाटकोपर स्टेशनाच्या आसपास पोचतं, तेव्हा ते जमिनीपासून जेमतेम दीडशे मीटरवर असतं. हिशेब सोपा आहे. विमान तीन अंशांच्या उतारानं खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. पुढे साकीनाका, जरीमरी मागे टाकून धावपट्टीत शिरताना ते पंधराएक मीटरवर आलेलं असतं. त्या वेळी त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो. छायाचित्र काढणाऱ्याच्या हातात चांगले असे सहा-सात सेकंद येतात.

या सहा-सात सेकंदांसाठी रविवारचा दिवस घालवणारी माणसं उपनगरांत बरीच आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी अंधेरीच्या एमआयडीसीत, कुणी मुलुंडहून पहिल्या लोकलनं येणारा बारावीचा मुलगा. स्वतःला ती ‘स्पॉटर’ म्हणवतात. घरचे ‘विमानवेडा’ म्हणतात आणि शेजारी काहीच म्हणत नाहीत, फक्त बघतात. मी ज्यांच्याबरोबर असल्फ्याच्या टेकडीवर जातो, त्यांतले एकजण सीएच्या कचेरीत आहेत. तिथे एका घराच्या गच्चीवर आमचा मुक्काम असतो. घर साताऱ्याकडच्या एका आजींचं. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या गोधड्या आणि डिश अँटेना यांच्यामधून वाट काढत तिपाई लावायची. आजींची अट एकच: “इमानं काय ती बघा, पर माझ्या कपड्यांला हात लावायचा न्हाई.”

सगळ्यात आधी शिकावा लागतो तो सूर्य. विमानं पूर्व-पश्चिम रेषेत येतात आणि असल्फा त्या रेषेच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला, म्हणजे असल्फ्यावरून विमानाची आपल्याकडची बाजू काळी दिसते. हिवाळ्यात म्हणून कुर्ला-विद्याविहारच्या बाजूची गच्ची शोधायची. मुंबई कर्कवृत्ताच्या खाली असल्यानं मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र भरदुपारचा सूर्यही थोडा उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेला. ते असल्फ्याचे दिवस. त्यातही मेमध्ये हवा धुरकट असते, तापलेल्या पत्र्यांवरून वाफा उठतात आणि भिंगातून विमानाच्या कडा थरथरताना दिसतात. मग जूनमध्ये पाऊस सुरू होतो. एखादी जोरदार सर येऊन गेली की अर्धा-पाऊण तास जी उघडीप मिळते, तिच्यात हवा इतकी स्वच्छ असते की पोटाखालचे रिव्हेटसुद्धा मोजावेत. पंखांवरून सरकताना दमट हवेचा दाब घटतो आणि ती पांढरा पडदा धरते, तो फक्त याच दिवसांत. कॅलिफोर्नियातल्या छायाचित्रकाराला हे सुख नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो आणि लेन्सवरची बुरशी पुसतो.

कॅमेऱ्याचं तंत्र त्या मानानं लवकर येतं. जेट असेल तर शटर हजाराच्या पुढे. पंख्याचं एटीआर आलं तर तेच शटर १/२०० च्या आसपास खाली आणायचं, नाहीतर पंखा हवेत गोठल्यासारखा दिसतो आणि विमान बंद पडलंय असं वाटतं. मग हात विमानाबरोबर एका लयीत फिरवावा लागतो. कोणतं विमान कधी येणार हे फोनवरच्या अ‍ॅपवर दिसतं. विमान स्वतःच आपला ठावठिकाणा सतत प्रसारित करतं, अ‍ॅप तो नकाशावर मांडतं. काही विशेष येणार असलं की आदल्या रात्रीच गटात बोंब होते. २०२२ च्या नोव्हेंबरात एअरबसचं ‘बेलुगा’ हे देवमाशाच्या डोक्याचं मालवाहू विमान मुंबईत उतरलं, तेव्हा कचेऱ्यांमध्ये अचानक पोटदुखीची साथ आली होती.

पण या छंदाचा खरा गाभा छायाचित्रात नाही, वहीत आहे. प्रत्येक भारतीय नागरी विमानाच्या शेपटाजवळ ‘व्हीटी’ आणि पुढे तीन अक्षरं असतात. ही त्याची नोंदणी, स्पॉटरांच्या बोलीत ‘रेगो’. तारीख, रेगो, प्रकार, कंपनी. आमच्यातल्या जुन्या माणसांकडे शंभर पानी वह्या आहेत, नव्यांकडे एक्सेल. बाहेरच्याला हे टपाल तिकिटं जमवण्यासारखं वाटतं. पण कंपनी बुडते, रंग खरवडला जातो, विमान परदेशी विकलं जातं आणि त्याला नवी नोंदणी मिळते. ते इथे कसं होतं याचा पुरावा मग कुणातरी हौशी माणसाच्या वहीत आणि हार्ड डिस्कवरच सापडतो.

म्हणून उडत्या विमानांपेक्षा मला उभ्या विमानांची नोंद मोलाची वाटते. जगात निवृत्त विमानांच्या वसाहती वाळवंटात आहेत: अमेरिकेत मोहावे, व्हिक्टरव्हिल, रॉजवेल, टूसॉनजवळचा लष्करी तळ, स्पेनमध्ये तेरुएल, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. कारण साधं आहे. कोरड्या हवेत अ‍ॅल्युमिनियम फारसं गंजत नाही. टूसॉनची जमीनही इतकी कडक की वेगळं काँक्रीट न ओतता विमानं उभी करता येतात. तिथे वर्षाला पाऊस पडतो सुमारे ३०० मिलिमीटर. आमच्या विमानतळाला खेटून असलेल्या सांताक्रुझ वेधशाळेत २६ जुलै २००५ च्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. वर समुद्राचं मीठ. जुन्या विमानाला यापेक्षा वाईट पत्ता देता येणार नाही.

तरीही मुंबईत विमानं अडकून पडत आली आहेत. ती कुणी निवडून इथे ठेवलेली नसतात. कंपनीचे पैसे संपतात, तेव्हा विमान जिथे उतरलेलं असतं तिथेच राहतं. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली. विजय मल्ल्यांचं खासगी ए-३१९ सेवाकर खात्यानं जप्त केलं आणि ते वर्षानुवर्षं इथे उभं राहिलं. लिलाव पुन्हा पुन्हा फसत गेले, अखेर २०१८ मध्ये ते सुमारे ३५ कोटींना गेलं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली आणि तिची मोठी बोइंग ७७७ विमानं कडेला लागली. २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट थांबली. मार्च २०२० ते मे २०२० हे दोन महिने तर देशातली प्रवासी वाहतूकच बंद होती आणि विमानतळावर विमानं शेजारी शेजारी दाटीनं लावली होती.

उभं विमान कसं मरतं, हे लांबच्या भिंगातून आणि टॅक्सीवेवर रेंगाळणाऱ्या विमानाच्या खिडकीतून थोडंथोडं दिसतं. सुरुवातीला सगळं नीट असतं. इंजिनांच्या तोंडांवर झाकणं, आत आर्द्रता शोषणारी पुडकी, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर टोप्या आणि त्यांना लोंबणाऱ्या लाल फिती. या टोप्या नसल्या तर कुंभारीण नळीत मातीचं घर करते आणि वैमानिकाला चुकीचा वेग दिसतो. चाकं ठराविक दिवसांनी थोडी फिरवायची, नाहीतर टायर एका बाजूनं चपटा होतो. यासाठी माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. पगार थांबला की आधी लाल फिती विटून गुलाबी होतात. पुढच्या पावसाळ्यानंतर खिडक्यांखाली काळपट ओघळ दिसतात. मग एके दिवशी एक इंजिन नसतं. भाड्यानं देणारी कंपनी ते काढून नेते, कारण जुन्या विमानात विकण्याजोगी सर्वांत महाग वस्तू तीच. त्यानंतरची छायाचित्रं काढायला कुणी उत्साहानं जात नाही. पण जायला हवं, कारण वहीत त्याच नोंदी कमी असतात.

महाराष्ट्रातलं याचं सर्वांत टोकाचं उदाहरण मुंबईतलं नाही, नागपूरचं आहे. बोइंग ७२० हे चार इंजिनांचं जुनं विमान १९९१ मध्ये तिथे उतरलं आणि परत उडालंच नाही. धावपट्टीजवळ ते चोवीस वर्षं उभं होतं. त्या काळात नागपूरला उतरणाऱ्या प्रत्येकानं ते कधी ना कधी पाहिलं असेल. २०१५ मध्ये ते बाजूला हलवलं. विदर्भाची हवा मुंबईपेक्षा कोरडी, म्हणूनच ते इतकं टिकलं असं मला वाटतं.

याच्या उलट नशीब एअर इंडियाच्या जम्बोंचं. पहिलं ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये मुंबईत आलं. शेवटचं २२ एप्रिल २०२४ ला इथून अमेरिकेला गेलं. त्याआधी ही विमानं बराच काळ प्रवाशांविना उभी होती. त्या सकाळी वैमानिकानं उड्डाणानंतर पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप दिला आणि गच्च्यांवरचे स्पॉटर ओरडले. मी मात्र इतका हळवा झालो नाही. निदान हे विमान कोरड्या जमिनीवर, रीतसर कागदांनिशी मोडलं जाणार किंवा मालवाहू होणार होतं.

कायद्याचं एक कुसळ मात्र या छंदात कायम टोचतं. विमान नियम, १९३७ मधल्या तेराव्या नियमानुसार सरकारी विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्र काढता येत नाही. नियम विमानतळाच्या आतला आहे, आजींच्या गच्चीचा नाही. पण हातभर लांब भिंग आणि विमानतळाकडे रोखलेला कॅमेरा दिसला की बीट हवालदाराला तो फरक समजावायला अर्धा तास जातो. त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही. २०१८ च्या जूनमध्ये घाटकोपरच्या सर्वोदयनगर भागात छोटं किंग एअर कोसळून पाच जण गेले, त्यात रस्त्यानं चाललेला एक माणूस होता. २०२४ च्या मेमध्ये उतरत्या विमानाला धडकून चाळीसएक फ्लेमिंगो घाटकोपरात पडले. आकाशाकडे बघत उभ्या असलेल्या माणसाबद्दल इथल्या वस्तीला शंका येणारच. ओळखपत्र, काढलेली छायाचित्रं दाखवण्याची तयारी आणि घरमालकाची ओळख एवढं जवळ ठेवलं की प्रकरण चहावर मिटतं.

आता गटातली चर्चा नवी मुंबईची आहे. तिथला विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. धावपट्टी ३,७०० मीटरची आणि तीही पूर्व-पश्चिमच, त्यामुळे सूर्याचा हिशेब तोच. खाडीची हवाही तीच, म्हणजे तिथे अडकणाऱ्या विमानांनाही हाच गंज. फरक आजूबाजूचा आहे. असल्फ्यासारखी चढत गेलेली वस्ती नाही, उलव्यात नव्या उंच सोसायट्या आहेत. त्यांच्या गच्च्यांना कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे. मुलुंडच्या मुलाची मावशी तिथे राहते असं कळल्यापासून गटात त्याचा भाव एकदम वधारला आहे.