घोडा ठणठणीत, विषाणू हजर!

आमच्या पावसला हापूसचं कलम बांधताना मातृवृक्ष निरोगी लागतो. पुण्याकडच्या स्टड फार्मवर नर घोड्याचंही तसंच. पण इथे नुसतं बघून कळत नाही! इक्वाइन आर्टरायटिसचा विषाणू धडधाकट घोड्याच्या वीर्यात वर्षानुवर्षं राहतो. त्याच्याकडून घोडीला लागण होते, तिच्या श्वासातून शेजारच्या गाभण घोड्यांना, आणि त्या गाभडतात. १९८४ साली अमेरिकेत केंटकीच्या फार्मांवर या रोगाने हाहाकार उडवला होता.

मग पकडायचा कसा? आधी रक्तात अँटिबॉडी बघतात. पण त्या लसीनेही येतात, म्हणजे चांगला घोडा उगाच बाद व्हायचा! म्हणून वीर्याचा नमुना बर्फात ठेवून लॅबला धाडतात. हा विषाणू आरएनएचा, त्यामुळे एन्झाइम वापरून आधी त्याची डीएनए प्रत काढतात. पुढचं काम पीसीआर मशीनचं. ९५ अंशांना धागे सुटे होतात, साधारण ६० ला प्रायमर चिकटतो, ७२ ला नवी प्रत तयार. दर फेरीला दुप्पट. ३० फेऱ्यांनंतर हिशोबाने एकाचे १०० कोटींहून जास्त!

आपल्याकडे घोड्यांच्या रोगांवर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र काम करतं. आणि मशीन म्हणाल तर, तापमान अचूक चढवणं-उतरवणं, म्हणजे आपलंच कंट्रोल सिस्टिम्स. तेव्हा तो पेपर ऑप्शनला टाकू नका!