मोटर चालू, पण पाणी नाही? पुन्हा बटन दाबण्याआधी हे तपासा

आदिलाबाद : हरभरा घाट्यावर आला, गहू ओंबीवर आला की जैनथ, बेला, तलमडगू, भीमपूर या पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'मोटर जळाली'. पैनगंगेच्या अल्याड आदिलाबाद, पल्याड यवतमाळ. राज्यं वेगळी, पण विहीर, बोर आणि मोटरची दुखणी दोन्हीकडे सारखीच. रिवाइंडिंगचे पैसे तर जातातच. पण मोटर काढा, दुकानात न्या, नंबर लागेपर्यंत थांबा, परत बसवा, यात ओलिताची पाळी चुकते आणि खरं नुकसान तिथं होतं.

अनेकदा पहिला बिघाड किरकोळच असतो. 'बघू, आता तरी उचलते का' म्हणून आपण पुन्हा पुन्हा बटन दाबतो आणि वाइंडिंग जळते ती त्यात. म्हणून मोटर काय सांगते ते आधी ऐका.

फिरते, पण पाणी फेकत नाही

विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकची ही नेहमीची तक्रार. पंपात हवा शिरली की तो पाणी ओढत नाही. मोटर बंद करा, पंप आणि सक्शन पाइप पाण्याने पूर्ण भरा आणि दहा मिनिटं थांबा. भरलेलं पाणी उतरत असेल तर फुटव्हॉल्व्ह, म्हणजे गावच्या भाषेत फुटबॉल, गळतोय. त्यात काडीकचरा अडकलेला असतो नाहीतर वायसर झिजलेलं असतं. जोडावर पाणी पाझरत असेल तर तिथूनच हवा आत जाते. तो जोड नीट आवळा, ग्लँडची दोरी जुनी झाली असेल तर बदला.

हे सगळं ठीक असेल तर विहिरीतली पातळी मोजा. हवेच्या दाबावर पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट वर चढू शकतं. प्रत्यक्षात पंप वीस-बावीस फुटांपर्यंतच नीट ओढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी त्याखाली गेलं तर दोष मोटरचा नाही, पंप खाली उतरवावा लागेल. पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर तोही ओढ जास्त झाल्याचा इशारा असू शकतो.

कालपर्यंत बरोबर होती, आज धार बारीक

काल डीपीवर किंवा लाइनवर काम झालं का, ते आधी विचारा. दोन फेजची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. पाणी येतं, पण थोडंच. पंपावरचा बाण पाहा. मोटर बाणाच्या उलट फिरत असेल तर मुख्य स्विच बंद करून जाणकाराकडून तीनपैकी कोणत्याही दोन वायरी बदलून घ्या.

नुसतीच घूं घूं करते

एक क्षणही थांबू नका, बंद करा. बहुधा एक फेज गेलेला असतो. चालू मोटरचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर जवळपास पावणेदोन पट अँपिअर येतात आणि मोटर थोड्याच वेळात जळू शकते. फ्यूज, स्टार्टरचे पॉइंट आणि ढिली वायर तपासून घ्या. तिन्ही फेज बरोबर असूनही उचलत नसेल तर पंप आतून जाम असेल. मुख्य स्विच बंद करून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायला येणारा खर्च रिवाइंडिंगपेक्षा बराच कमी असतो.

स्टार्टर सारखा पडतो

रिले पडतो म्हणजे तो मोटर वाचवतोय. त्यात काडी घालून तो दाबून ठेवणं किंवा अँपिअरचा काटा वाढवणं म्हणजे मोटर स्वतःच्या हाताने जाळणं. नेमप्लेटवर लिहिलेल्या अँपिअरच्या वर सेटिंग नेऊ नका. मीटरवर व्होल्टेज पाहा. दोन फेजमध्ये ते ४१५ च्या आसपास हवं. ३५० च्या खाली असेल तर मोटर लावू नका. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा कपॅसिटर असला तर लाइनवरचा भार कमी होतो आणि व्होल्टेज सुधारायला मदत होते. मात्र एकट्याने बसवून फारसा फरक पडत नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी बसवायला हवा.

बोरची मोटर

सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. बोर आटला आणि ती कोरडी फिरली की गेलीच समजा. धार तुटायला लागली आणि अँपिअरचा काटा नेहमीपेक्षा खाली आला की बंद करा, बोर भरू द्या. पाणी भरायची मोटर असेल तर बोरमध्ये सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरलंय ना, हे पाहा.

ऑटो स्टार्टर का नको?

तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला २४ तास मोफत वीज सुरू झाली, तेव्हाच ऑटो स्टार्टर काढायचं आवाहनही झालं. कारण सरळ आहे. गेलेला करंट आला की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं आणि कधी मोटर जाते, कधी डीपीच जातो. शिवाय गरज नसताना पाणी उपसलं जातं. पल्याड महाराष्ट्रातही एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आहे. पण तिथं अनेक गावांत थ्री फेज पाळीने, कधी रात्री येते, म्हणून ऑटोचा मोह होतो. ऑटो लावायचाच असेल तर फेज आणि कोरडेपणा ओळखणारं संरक्षण असलेलाच लावा. वीज फुकट आहे, जळालेली मोटर नाही.

आणि जीव

मोटर पुन्हा भरता येते, माणूस नाही. ओल्या हाताने, अनवाणी स्टार्टरला हात लावू नका. बॉडीला करंट लागत असेल तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत मोटर बंदच ठेवा. फ्यूज टाकायला स्वतः डीपीवर चढू नका, लाइनमनला बोलवा. वीज तक्रारीचा १९१२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. तो स्टार्टरच्या पेटीवर आतून लिहून ठेवा.