अपग्रेडनंतर लिनक्स सुरू होत नाही तेव्हा

लिनक्स अपग्रेड केल्यावर संगणक सुरूच झाला नाही, की ‘सगळे गेले, आता नव्याने टाकावे लागणार’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. अपग्रेडमध्ये कर्नेल, ड्रायव्हर, लायब्ररी अशी पॅकेजे बदलतात. कागदपत्रे आणि फोटो ज्यात असतात त्या होम फोल्डरला सहसा हातही लागत नाही. उलट घाईने केलेले नवे इन्स्टॉलेशनच धोक्याचे. डिस्कचे विभाजन निवडताना एक पर्याय चुकला, की तोवर शाबूत असलेला डेटा खरोखर पुसला जातो.

पडद्यावर अडकून पडलेला मजकूर निरर्थक असतो, ही दुसरी समजूत. प्रत्यक्षात बिघाड कुठे आहे हे तोच मजकूर सांगतो. संगणक टप्प्याटप्प्याने सुरू होतो. यूईएफआय फर्मवेअर बूटलोडरला, म्हणजे बहुधा ग्रबला, हाक मारते. ग्रब कर्नेल आणि त्याच्या जोडीची इनिट्रामएफएस ही फाइल मेमरीत चढवतो. मूळ विभाजन हाती येईपर्यंत लागणारे ड्रायव्हर आणि साधने या फाइलीत असतात. विभाजन सापडले, की पुढचा कारभार सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीकडे जातो. तेव्हा ‘ग्रब रेस्क्यू’ असे दिसले, तर ग्रबला स्वतःची मॉड्यूलेच मिळालेली नाहीत आणि कर्नेलची पाळी आलेलीच नाही. नुसते ‘ग्रब’ दिसले, तर मॉड्यूले मिळाली, पण मेनूची फाइल सापडली नाही. कंसातले ‘इनिट्रामएफएस’ म्हणजे कर्नेल चालू आहे, मात्र मूळ विभाजन सापडत नाही किंवा त्याची फाइलप्रणाली तपासून दुरुस्त करायला हवी. ‘इमर्जन्सी मोड’ म्हणजे तर बरीच मजल मारून झालेली असते. उबंटूसारख्या वितरणांत हे संदेश चित्राआड लपतात. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून कर्नेलच्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढले की ते दिसू लागतात. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही.

‘कर्नेल पॅनिक’ वाचून नवे कर्नेलच सदोष ठरवले जाते. पण ‘मूळ फाइलप्रणाली माउंट करता येत नाही’ अशा अर्थाची ओळ सोबत असेल, तर संशयित बहुधा इनिट्रामएफएस असते: ती तयारच झाली नाही किंवा अर्धवट राहिली. त्यामागचे नेहमीचे कारण अगदी साधे आहे. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर बूटचे छोटे विभाजन सहसा वेगळे असते. जुनी कर्नेले साठत जाऊन ते भरते आणि नव्या फाइलीला जागा उरत नाही. अशा वेळी जुने कर्नेल कामी येते. उबंटूत मेनू लपलेला असल्यास संगणक चालू होताना एस्केप दाबून, आणि जुन्या बायोसवर शिफ्ट धरून, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ते निवडता येते. फेडोरा नेहमीच्या मांडणीत ३ कर्नेले ठेवते. आर्च मात्र जुने काढूनच नवे बसवते; तिथे दीर्घकाळ पाठिंब्याचे एलटीएस कर्नेल जोडीला ठेवणे शहाणपणाचे.

एकही कर्नेल चालत नसेल, तरी लाइव्ह यूएसबीवरून आत शिरता येते. मूळ विभाजन माउंट करायचे, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ हे फोल्डर त्याला जोडायचे, सीएचरूट करून त्या विभाजनालाच मूळ मानून काम करायचे आणि अर्धवट पॅकेजे, इनिट्रामएफएस व ग्रबचा मेनू या क्रमाने दुरुस्ती करायची. यात एक फसवी जागा आहे. बूटचे वेगळे विभाजन माउंट करायचे राहिले, तर नवी फाइल मूळ विभाजनातल्या रिकाम्या बूट फोल्डरात जाऊन पडते. आज्ञा बिनतक्रार पूर्ण होते आणि रीस्टार्टनंतर तोच संदेश पुन्हा हजर होतो.

‘ग्रब पुन्हा बसवला की काम झाले’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ग्रब कुठे बसतो आहे, हा प्रश्न मात्र राहून जातो. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली आणि ती बुजवणारी अपडेटे आली. त्यानंतर रेड हॅट आणि सेंटओएसची अनेक यंत्रे फर्मवेअर आणि ग्रब यांच्यामधल्या ‘शिम’ या छोट्या बूटलोडरमधल्या दोषामुळे सुरू होईनात. डेबियन आणि उबंटूच्या काही बायोस यंत्रांवर ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नसल्याची ओळ दिसली. तिथली गोष्ट वेगळी होती. ग्रबचा गाभा कोणत्या डिस्कवर लिहायचा याची नोंद चुकीची किंवा जुनी राहिली होती. त्यामुळे मॉड्यूले नवी आली आणि सुरुवातीला चालणारा गाभा जुनाच राहिला. उपाय ग्रब बसवण्याचाच होता, पण योग्य डिस्कवर, आणि ती नोंदही दुरुस्त करून.

पडदा काळा, म्हणजे संगणक बंद, हेही खरे नाही. नव्या कर्नेलसाठी एनव्हिडियाचे मॉड्यूल तयार झाले नाही, किंवा केवळ सही असलेला कोड चालू देणाऱ्या सिक्युअर बूटने सहीविना ते नाकारले, तर फक्त पडद्यावरचे चित्र अडते. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबल्यावर अक्षरी लॉगिन आले, तर प्रणाली ठणठणीत आहे. ते न आल्यास कर्नेलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ घालून पाहता येते.

शेवटी, अपग्रेडनंतर बिघडले म्हणजे अपग्रेडनेच बिघडवले, असेही नाही. महिनोन्‌महिने चालू असलेल्या यंत्रातून एखादी डिस्क काढलेली असते, पण माउंट करायच्या डिस्कांच्या एफएसटॅब या यादीत तिची नोंद तशीच असते. अपग्रेडसाठी रीस्टार्ट झाले, की सिस्टमडी त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाते. ती नोंद काढली, किंवा तिला ‘नोफेल’ जोडले, की भागते. कधी दोष शेजारच्या प्रणालीचा असतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या अपडेटने एसबीएटी ही सुरक्षा-यादी बदलली. दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू व्हायची नव्हती, तरी अनेकांवर ती लागू झाली आणि जुने शिम असलेले लिनक्स नाकारले जाऊ लागले. तिथे सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, ‘मॉकयूटिल’ने एसबीएटी धोरण पुसायचे, शिम अद्ययावत करायचे आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचे.