अपघात डोळ्यांनी पाहिला, तरी आठवण का चुकते?

१ जुलै २०२३. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली, २५ जणांचा मृत्यू झाला. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. आरटीओच्या अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही. सांगणे आणि पुरावा जुळत नाहीत, यामागे अनेक कारणे असतात. ताण हे त्यातलेच एक.

भीतीच्या क्षणी लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. आग लक्षात राहते, आजूबाजूचे तपशील निसटतात. नंतर ऐकलेल्या गोष्टी त्या रिकाम्या जागा भरतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगात प्रश्नातला ‘धडकल्या’ हा शब्द बदलून ‘जोरात आदळल्या’ असे विचारताच लोकांनी गाड्यांचा वेग जास्त सांगितला.

म्हणून अपघात पाहिलात, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ बघण्याआधी स्वतः पाहिले तेवढेच लिहून ठेवा.